असमतोल आणि पासंग

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज 'असमतोल' या एकाच शब्दावर बोलावे असे आम्ही ठरविले आहे. आपल्या प्रत्येक निवेदनात हा शब्द असतो. पण आपण तो नीट तोलून वापरतो का, अशी शंका आम्हाला येते.

शब्दाच्या पोटात 'तोल' आहे, म्हणजे तराजू आलाच. या तराजूने मराठीला किती शब्दप्रयोग दिले पाहा. गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त घातले की ते झुकते माप. दांडीला बोट लावून कमी दिले की ती दांडी मारणे. आज मुले शाळेला दांडी मारतात, पण मूळ खोट मापातली. राग अनावर झाला की माणसाचा तोल सुटतो.

सरकारदरबारी हा शब्द 'प्रादेशिक असमतोल' म्हणून रुळला. महाराष्ट्रात दांडेकर समितीने १९८४ साली मागास भागांचा अनुशेष रुपयांत मांडला. कर्नाटकात डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरविले, त्यांपैकी ३९ अतिमागास. शेती, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांचे हे हिशेब मोलाचेच आहेत. पण बेळगावच्या एखाद्या आजीला स्वतःच्या जमिनीचा कन्नड उतारा वाचता येत नाही, हा असमतोल अशा हिशेबात दिसत नाही.

आम्ही बँकेत काम करतो. तेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर, असे नवशिक्याला वाटते. पण जी नोंद मुळात केलीच नाही, तिच्यामुळे जमा आणि नावे यांत फरक पडत नाही. बेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. सीमाभागातल्या मराठीचे असेच झाले आहे.

आता एक जुना शब्द घेऊ, पासंग. रिकामा तराजू उचलला तरी कधी कधी एक पारडे खाली जाते. तेव्हा वाणी वर गेलेल्या पारड्याला लहानसे वजन बांधी. तो पासंग. त्याने कोणाला जास्त मिळत नाही. फक्त माप खरे होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ, म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय, हा असा पासंग आहे. जिथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हाही पासंगच. आम्ही झुकते माप मागत नाही, हे कन्नड शेजाऱ्याला आपण तोल न सोडता सांगितले पाहिजे. आणि जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषकांना महाराष्ट्रात हाच पासंग मिळावा, असेही आपणच म्हटले पाहिजे. एरवी आपला तराजू खोटा ठरेल.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आपल्या घरातला असमतोल पाहू. मराठी परिपत्रकासाठी मोर्चात चालणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांची मुले मराठी शाळेत आहेत? आमची स्वतःची नाहीत, हे या व्यासपीठावरून सांगताना संकोच वाटतो. मागणी एका पारड्यात आणि वागणूक दुसऱ्या, मग निवेदनाला वजन कुठून येणार?

म्हणून दोन गोष्टी सुचवितो. पुढच्या निवेदनात नुसता 'असमतोल' न लिहिता नोंद लिहावी: कोणते कार्यालय, कोणता कागद, कोणती तारीख. आणि ज्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत, त्यांनी, आमच्यासकट, रोज अर्धा तास घरी मुलांकडून मराठी वाचून घ्यावे. हा आपला पासंग आपल्यालाच बांधायचा आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.