पंप बसतो तेव्हा



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा हृदयविकारावर आम्ही बोलण्याचे कारण काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. कारण एवढेच की, आमच्या संघटनेचा एक फिटर या दुखण्याने गेला, आणि तो का गेला हे कळेपर्यंत आम्हांला चैन पडेना.

रात्रपाळीत त्याच्या छातीत कळ आली. कारखान्याच्या दवाखान्यातून आम्लपित्ताची गोळी मिळाली. पहाटे हातपाय गार पडले, दरदरून घाम सुटला, तो असंबद्ध बोलू लागला. मोठ्या इस्पितळात पोहोचेपर्यंत पाच तास उलटले होते. डॉक्टर म्हणाले, "शॉकमध्ये आहे." आमच्यातला एकजण म्हणाला, "पण विजेला हात लागलाच नव्हता!"

हा शॉक विजेचा नव्हे. अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे, याला वैद्यकात शॉक म्हणतात. पटकीत अंगातले पाणी जाते, अपघातात रक्त जाते. येथे रक्त शाबूत असते, पंपच बसलेला असतो. हृदयाची रोहिणी गुठळीने तुंबते, स्नायूचा मोठा भाग निकामी होतो, रक्तदाब नव्वदच्या खाली येतो, लघवी आटते. खरी मेख पुढेच आहे. हृदयाला स्वतःचे रक्तही स्वतःच्याच दाबाने मिळते. दाब पडला की उरलेला स्नायू उपाशी. तो उपाशी म्हणून दाब आणखी खाली. उपाशी माणसाकडून दुप्पट काम घेण्याचा हा प्रकार आम्हां संघटनावाल्यांना नवा नाही.

त्या रात्री आम्ही डॉक्टरांमागे लकडा लावला, "सलाईन चढवा!" पटकीत सलाईन जीव वाचवते. येथे मात्र पंप पुढे ढकलू शकत नाही ते पाणी फुप्फुसांत साचते. क्वचित थोडे द्यावे लागते, पण ते डॉक्टरांनी पाहून ठरवायचे. आमच्या आरडाओरड्याची आज आम्हांला लाज वाटते.

झटका आलेल्या शंभरांतील पाच ते दहांना हा शॉक होतो. १९६७ साली न्यूयॉर्कच्या किलिप व किंबॉल या डॉक्टरांनी २५० रोग्यांचा हिशेब मांडला; शॉकमधले शंभरी ८१ दगावले होते. मग निश्चित गुण कशाने आला? १९९९ साली डॉ. ज्युडिथ हॉकमन यांनी ३०२ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाची रोहिणी फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने तातडीने मोकळी केली, दुसऱ्याला आधी औषधांनी सावरले. महिन्याभराने फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. वर्षाने पहिल्या गटात शंभरांतील सुमारे ४७ जिवंत होते, दुसऱ्यात ३४. दाब टिकवायला नॉरॲड्रेनलिन देतात, पण ती टेकू आहे. तुंबलेली नळी ती उघडत नाही.

यंत्रांची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. महारोहिणीत फुगा ठेवून हृदयाला हातभार लावायची युक्ती साठच्या दशकाच्या अखेरीस वापरात आली. चार दशके सर्वांची तिच्यावर श्रद्धा. २०१२ साली जर्मनीत सहाशे रोग्यांवर ती पारखली, तर महिन्याभरात फुगा असलेले शंभरी ४० आणि नसलेले ४१ दगावलेले! हृदय-फुप्फुसांचे काम बाहेरून करणारे यंत्रही २०२३ च्या चाचणीत असेच निघाले. २०२४ साली हृदयातच बसवायच्या एका चिमुकल्या पंपाने, निवडक रोग्यांत, सहा महिन्यांतले मृत्यू शंभरी ५९ वरून ४६ वर आणले. मात्र रक्तस्राव वाढला, मूत्रपिंडाचे यंत्रही अधिकांना लावावे लागले. खर्चाचे नाव आम्ही काढत नाही.

म्हणून यंत्रापेक्षा घड्याळाकडे आमचे लक्ष गेले. आमचा फिटर पाच तास हिंडला नसता तर वाचलाच असता, असे आम्ही म्हणणार नाही. या शॉकमध्ये आजही जवळजवळ निम्मे जातात. पण त्याला ती संधीच मिळाली नाही. कळ आल्यावर दहा मिनिटांत हृदयाचा विद्युत्-आलेख निघाला असता, आणि रात्री रोहिणी उघडणारे इस्पितळ कोणते हे आधी ठाऊक असते, तर गाडी सरळ तिकडे गेली असती.

यंदाच्या मागणीपत्रात बोनसच्या वर आम्ही दोन कलमे घातली आहेत: दवाखान्यात आलेखाचे यंत्र व ते चालवणारा माणूस, आणि फाटकावर त्या इस्पितळाचे नाव व १०८ हा क्रमांक. व्यवस्थापनाने दुसरे कलम लगेच मान्य केले. पहिल्यावर बोलणी चालू आहेत.