तटस्थ बंदरातील साक्ष

शेताचा बांध कोरला गेला, तर बांध जागेवरच राहतो. पंच तेथे जातात, दोरी लावतात आणि निवाडा देतात. समुद्रावर मात्र अशी खूण उरत नाही. जहाज निघून गेले की लाट पुन्हा पहिल्यासारखी सपाट होते. म्हणून जहाजांच्या खटल्यांत न्यायालये पूर्वापार दोन गोष्टींवर भिस्त ठेवीत आली आहेत. एक, जहाजाची कागदपत्रे आणि दुसरी, खलाशाची शपथेवरील जबानी.

युद्धात शत्रूचे जहाज पकडून आणले, तरी ते पकडणाऱ्याच्या मालकीचे लगेच होत नसे. प्रथम त्या पकडलेल्या जहाजावरील माणसांनाच न्यायाधिकाऱ्यापुढे ठराविक प्रश्न विचारले जात. जहाज कोणाचे? माल कोणाचा? प्रवास कोठून कोठे? आणि जहाज पकडले गेले ते कोणत्या जागी? या शेवटच्या प्रश्नाला मोठे महत्त्व असे. जहाज तटस्थ राष्ट्राच्या पाण्यात पकडले असेल आणि त्या राष्ट्राने हरकत घेतली, तर सारी जप्तीच अवैध ठरे. १९०७ च्या हेग येथील तेराव्या कराराने हाच नियम स्पष्ट शब्दांत मांडला. तटस्थ राष्ट्राच्या जलहद्दीत युद्धनौकांनी केलेले कोणतेही शत्रुत्वाचे कृत्य, मग ती जप्ती असो वा झडती, हा तटस्थतेचा भंग होय आणि त्यास सक्त मनाई आहे.

या नियमाची कसोटी अमेरिकेतील यादवी युद्धात एकदा लागली होती. ७ ऑक्टोबर १८६४ रोजी ब्राझीलच्या बाहिया बंदरात दक्षिणेकडील बंडखोर राज्यांची 'फ्लॉरिडा' ही नौका नांगरून पडली होती. तिचा कप्तान आणि अर्धेअधिक खलाशी किनाऱ्यावर होते. अशा वेळी रात्रीच्या अंधारात उत्तरेकडील 'वॉचुसेट' या युद्धनौकेने तिला धडक दिली आणि दोर लावून भर समुद्रात ओढून नेले. ब्राझीलने निषेध नोंदविला. 'वॉचुसेट'चा अधिकारी नेपोलियन कॉलिन्स लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने आडपडदा ठेवला नाही. आरोप त्याने मान्य केला आणि हे आपण लोकहितासाठी केले, एवढेच नोंदवून ठेवण्याची विनंती केली. न्यायालयाने त्यास बडतर्फीची शिक्षा दिली. ती पुढे नौदलमंत्र्याने रद्द केली, हे खरे. परंतु अमेरिकेने ब्राझीलची क्षमा मागितली आणि १८६६ मध्ये त्याच बंदरात ब्राझीलच्या ध्वजाला तोफांची सलामी दिली. अन्याय घडला, पण तो नोंदला गेला.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोव्यात झुआरी नदीच्या मुखाशी मुरगाव बंदर आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' या जर्मन व्यापारी जहाजांनी तेथे आश्रय घेतला. पुढे इटलीचे 'आन्फोरा' हे जहाजही त्यांच्या शेजारी येऊन पडले. पोर्तुगाल तटस्थ होता आणि गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्यामुळे हिंदुस्थानातील इंग्रज सरकारला ही जहाजे डोळ्यांसमोर दिसत असूनही हात लावता येईना. 'एरेनफेल्स'वर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून दोस्तांच्या जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांना कळविल्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता.

नियमित सैन्य धाडावे, तर तटस्थतेचा उघड भंग होणार. तेव्हा एक वेगळी युक्ती योजण्यात आली. कलकत्त्याच्या 'लाइट हॉर्स' आणि 'स्कॉटिश' या राखीव पलटणींतील काही मध्यमवयीन गोरे नागरिक निवडण्यात आले. एरवी व्यापार-उदीम सांभाळणारी ही माणसे. बंदरातील गाळ वाहणारा 'फीबी' नावाचा एक पडाव कलकत्त्याहून सिंहलद्वीपाला वळसा घालून निघाला. बरीच मंडळी रेल्वेने कोचीनला जाऊन त्यावर चढली. ९ मार्च १९४३ ची रात्र ठरली. तो कार्निव्हलचा अखेरचा दिवस होता. गोव्यात नाचगाण्यांची धूम होती आणि जहाजांवरील अनेक खलाशी किनाऱ्यावर उतरले होते.

'फीबी' 'एरेनफेल्स'ला भिडली. झटापट झाली. जहाजाचा कप्तान व काही खलाशी मारले गेले. उरलेल्यांनी ठरल्याप्रमाणे तळाच्या झडपा उघडल्या आणि आग लावली. ती ज्वाळा पाहताच इतर तिन्ही जहाजांवरील खलाशांनीही आपापली जहाजे जाळून बुडविली. पहाटेपर्यंत हल्लेखोर दिसेनासे झाले होते. पाण्यात जळते सांगाडे तेवढे उरले. किनारा गाठलेल्या खलाशांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी अटकेत टाकले.

येथेच बाहिया आणि मुरगाव यांतील भेद स्पष्ट होतो. मुरगावात जप्तीचे न्यायालय बसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जहाज कोणाच्या हाती लागलेच नाही. हल्लेखोर गणवेशात नव्हते आणि त्यांच्या सरकारने त्यांना आपले म्हटले नाही. म्हणून कोणी कॉलिन्स कठड्यात उभा राहिला नाही. जाब द्यावा लागला तो ज्यांची जहाजे बुडाली त्यांना. कोठडीत बसलेला खलाशी म्हणणार की रात्री परके लोक चढून आले. ते परके कोण, हे सांगण्यासाठी त्याच्यापाशी ना ध्वज होता, ना नाव, ना पकडलेला माणूस. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालने जुन्या मैत्रीच्या तहाचा आधार घेऊन इंग्रजांना अझोर्स बेटांवर तळ देण्याचे मान्य केले. अशा काळात अनोळखी खलाशाची जबानी पुढे रेटण्यात कोणत्या राज्याला गोडी असणार?

खुद्द हल्लेखोरांनाही मौनाची किंमत द्यावी लागली. त्यांना उघड सन्मान मिळाला नाही. युद्धानंतर समुद्रघोड्याची आकृती असलेले एक खासगी पदक त्यांनी आपसांत करून घेतले. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे जगाला ही हकीकत सविस्तर कळली. १९८० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

पाणबुड्यांचा धोका खरा होता, आणि त्या धोक्यात बुडणाऱ्या जहाजांवर हिंदी खलाशीही होते. म्हणून या मोहिमेला केवळ दोष देणे सोपे नाही. तथापि कॉलिन्सने गुन्हा कबूल करूनच लोकहिताची सबब पुढे केली होती. मुरगावात सबब होती, कबुली नव्हती. नियम मोडणारा जेव्हा न्यायासनापुढे येऊन तसे सांगतो, तेव्हा नियम जखमी होतो, पण जिवंत राहतो. तो नाहीसा होतो तो मौनाने. तटस्थ बंदराचे रक्षण तोफांनी होत नसते. तेथे आलेल्या दुबळ्यातल्या दुबळ्या खलाशाची साक्ष कोणीतरी लिहून घेईल, या विश्वासावरच ते उभे असते.