पाचव्या विषयाची कोरी जागा

दहावीचा निकाल लागला, की अकरावीच्या विषयांचा कागद घरात फिरू लागतो. दिल्लीत राहणाऱ्या माझ्या भाचीचा तो कागद माझ्यापुढे आला, तेव्हा त्यावर चार विषय भरलेले होते आणि पाचवी जागा कोरी होती. तिला मानसशास्त्र घ्यावयाचे होते. विषय सोपा, पण पुढे निरुपयोगी, असे तिच्या वडिलांचे मत.

मी तिला कारण विचारले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मामा, दादा वर्षभर कुणाशी नीट बोलत नाही. त्याला काय होतंय, ते मला कळायला हवं."

या उत्तराने माझा तयार सल्ला जागच्या जागी राहिला.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत या विषयाला लेखी 70 आणि प्रात्यक्षिकाचे 30 गुण असतात. मनोविकारांचे प्रकरण येते ते बारावीत. तोवर अध्ययन, स्मृती, विचार अशी बरीच वाट चालावी लागते. ती वाट कशी असते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाच्या उदाहरणावरून कळेल. माणूस विसरतो, हे कोणालाही ठाऊक आहे. किती आणि केव्हा विसरतो, हे त्याने मोजावयाचे ठरविले. कविता पाठ करावी, तर अर्थाचा आधार मिळतो. म्हणून त्याने सुमारे 2300 निरर्थक अक्षरगट बनविले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले, ते टिपून ठेवले. विस्मरण आरंभी झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हा त्याचा निष्कर्ष 1885 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. असा चिवट खटाटोप ज्याला रंजक वाटेल, त्याने हा विषय खुशाल घ्यावा. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या हवी असेल, तर ती येथे मिळत नाही; मिळते असे सांगणारे लोक शाळेबाहेर पुष्कळ आहेत.

निरुपयोगीपणाचा आक्षेप मला फारसा पटला नाही. कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग 1916 सालीच निघाला. मात्र मनोविकारांचा डॉक्टर व्हावयाचे, तर आधी वैद्यकाची पदवी लागते. त्यासाठी जीवशास्त्र सोडून चालत नाही. सुदैवाने भाचीच्या शाळेत दोन्ही विषय एकत्र घेता येत होते.

भावाविषयी मी तिला स्पष्टच सांगितले. पाठ्यपुस्तक हाती घेऊन बहिणीने भावाचे निदान करू नये. ते काम तज्ज्ञाचे आहे, आणि ते तिची बारावी होईपर्यंत थांबू शकत नाही. मग मी मेहुण्यांकडे वळलो. "आळस आहे, दुसरं काय?" ते म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 2022 साली सुरू झाली, तिचा क्रमांक 14416 आहे आणि तेथे पैसे पडत नाहीत, एवढे मी सांगितले. जवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून भाचीने तो क्रमांक विषयांच्या कागदामागे पेन्सिलीने लिहिला.

दुसऱ्या दिवशी पाचव्या जागी मानसशास्त्र लिहून तो कागद शाळेत गेला. त्याआधी सकाळीच मेहुण्यांनी मागचा क्रमांक आपल्या डायरीत उतरवून घेतला होता.