खर्जाचं लाकूड, खर्जाची वीज

(नागपुरातील एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छपाईसाठी थोडं आटोपतं घेऊन)

मंडळी, मंचाच्या उजवीकडचा तो कूलर ऐकू येतोय ना? पंख्याचा वारा सोडा, त्याखालची ती अखंड घूंऽऽ ऐका. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. मोटरचं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा थरथरतं, म्हणजे १०० कंपनं झाली. बेस गिटारची सगळ्यांत बारीक तार मोकळी छेडली की ९८ कंपनं देते. पेटीच्या भाषेत ही पांढरी पाच. म्हणजे नागपुरातला प्रत्येक कूलर उन्हाळाभर पांढरी पाचच्या जरा वर, किंचित चढाच, तंबोरा धरून बसलेला असतो. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, त्यामुळे तिथल्या बेसवादकाला या घुमण्याचा त्रास दुसऱ्या स्वरावर होतो. माझ्या वाट्याला नेमकी पांढरी पाच आली.

मी बेस वाजवतो. बेस वाजवणारा म्हणजे ऑर्केस्ट्रात ढोलकीच्या मागे उभा असलेला, लोक ज्याला ‘दुसरा गिटारवाला’ म्हणतात तो. या वाद्याचा इतिहास फार जुना नाही. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधीच्या डबल बासवर पडदे नसतात, सूर अंदाजाने शोधावा लागतो. यांनी पडदे बसवले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि ती आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे.

मी स्वतःचा बेस घडवून घ्यायचं ठरवलं तेव्हा आधी दोन पानी यादी केली. पाच तारा, दोन पिकअप, बॅटरीवर चालणारा प्रीअँप (आवाज वाद्यातच वाढवणारं सर्किट), खर्ज-मध्य-तार यांना वेगळी बटणं, शिवाय दोन खटके. यादी करताना फार बरं वाटतं, लग्नाच्या याद्या करताना वाटतं तसं.

त्याच सुमारास एका गायक मित्राबरोबर मिरजेला गेलो. त्याला तंबोऱ्याची जोडी हवी होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथला व्यवहार त्याच्या कितीतरी आधीचा. कारागिरानं विचारलं, “मर्दानी का जनानी? पट्टी कुठली?” मित्र म्हणाला, “काळी एक.” झालं, ऑर्डर संपली. भोपळा केवढा, दांडी किती लांब, तारा कोणत्या जाडीच्या, हे सगळं त्या दोन उत्तरांतून निघतं. परतीच्या गाडीत मी माझी यादी काढून पाहिली. तिच्यात मी कुठल्या गाण्यांत, कुणाच्या मागे, कुठल्या जागी वाजवणार, हे कुठंच नव्हतं.

मग एकेक खोडत गेलो. पाचवी तार ३१ कंपनांची. मांडवातल्या स्पीकरच्या खोक्यांतून ती मुळातून येतच नाही. वरच्या अंशस्वरांवरून, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या चढ्या स्वरांवरून, कान ती मनाशी भरून घेतो. पाचवी तार गेली.

लाकूड मात्र आपल्या दाराशी होतं. नव्या संसद भवनात वापरलेलं सागवान नागपूरचं, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ते बल्लारशाहून गेलं. मला तर फक्त एक फळी हवी होती. लकडगंजात एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आराखडा उलटसुलट पाहिला, फळी हातात तोलली आणि म्हणाले, “भाऊ, जड होईन. खांदा जाईन तुमचा.” बरोबर होतं. अमेरिकी बेसला सहसा वापरतात त्या ॲल्डरपेक्षा सागवान बरंच जड. आम्ही ते आतून पोखरून वर पातळ फळी चिकटवली. सागाच्या अंगात तेल असतं, नुसता गोंद लावला तर सांधा दगा देतो. म्हणून चिकटवायच्या जागा आधी थिनरने पुसल्या. सागाचा हट्ट धरला तो नागपूरच्या हवेमुळे. मे महिन्यात इथं लाकूड इतकं आटतं की साध्या गिटारीच्या पडद्यांची टोकं बाहेर येऊन तळहात खरवडतात, आणि जुलैत तेच लाकूड पुन्हा फुगतं. साग त्या मानानं शांत. शिवाय चार तारा मिळून मानेला सुमारे ८० किलोंनी ओढतात, ते सांभाळायला मानेच्या आत पोलादी सळई असते. ती मी वर्षातून दोनदा पाव आटा फिरवतो.

आता विजेकडे येऊ. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. गोची अशी की हे वेढे कूलरची वीजही तेवढ्याच आपुलकीनं पकडतात. सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्यानं १९५५ मध्ये यावर तोड काढली. दोन वेटोळी घ्यायची, दोन्हींचे चुंबक उलटसुलट आणि गुंडाळणंही उलटसुलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. मी वेटोळी स्वतः गुंडाळायचं ठरवलं. आमच्या गल्लीतला मोटर वाइंडिंगवाला म्हणाला, “तार दाखवा.” दाखवली तर तो हसला. केसाइतकी बारीक, ०.०६ मिलिमीटरची. कूलरच्या पंपाला तो वापरतो ती तार हिच्यापुढे दोरखंडच. जुन्या शिवणयंत्राच्या बॉबिनच्या चक्रावर आठ हजार वेढे गुंडाळले. पहिल्या खेपेला साडेतीन हजारांवर तार तुटली. तेव्हा मी जे बोललो ते इथं छापू नये.

पिकअप नक्की कुठं बसवायचा, हे सगळ्यांत महत्त्वाचं. घोडीजवळ बसवला तर आवाज कडक, नाकातला. मानेकडे सरकवला तर गोल, गुबगुबीत. आणि तो तारेच्या बरोबर पाव लांबीवर आला तर मोकळ्या तारेतला चौथा अंशस्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या बिंदूवर तो अंशस्वर हलत नाही. ही गोष्ट पुढे कुठल्याही बटणानं भरून निघत नाही. गिब्सनच्या ग्रॅबर बेसवर १९७० च्या दशकात सरकता पिकअप होता. मी तीच युक्ती केली. अंगावर तात्पुरती खाच पाडली, आठवडाभर रोज पिकअप एकेक सेंटिमीटर सरकवत भावगीतं वाजवली, बायकोला खोलीबाहेर बसवून विचारत राहिलो. आमची मतं जिथं जुळली तिथं पिकअप पक्का केला आणि खाच बुजवली.

प्रीअँपचं काय झालं? त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. अशा वाद्यांत केबल खोचली की बॅटरी सुरू होते, म्हणजे वाजवत नसतानाही केबल तशीच राहिली तर बॅटरी झिजत राहते. एका शारदोत्सवात अगदी हेच झालं. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज बसत गेला आणि गायिका मागे वळून पाहू लागली. त्या रात्री घरी आल्यावर प्रीअँप काढला. आता आत २५० किलोओमची दोन पॉट आणि एक कपॅसिटर, बस. एक आवाजाचं बटण, एक टोनचं. आतल्या खोबणीला तांब्याचा पत्रा लावून तो घोडीशी जोडला आहे.

बटणांची भोकं मात्र मिस्त्रींनी आधीच तीन पाडली होती. तिसऱ्यात सागाचीच गुट्टी ठोकून घासली आहे. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, रेषा किंचित तिरक्या आहेत.