पोलिसांच्या गाडीत कॅमेरा हवाच. पण चावी कोणाकडे?

(मंडळाच्या वडोदरा येथील सभेत एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पोलिसांच्या गाड्यांत व्हिडिओ कॅमेरे असावेत काय?’ या विषयावर आपण आज बोलत आहोत. मी वकील नाही आणि पोलीस खात्याशीही माझा संबंध नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. माझे सारे आयुष्य नोंदींत गेले. नोंद कोणी केली, कोणी तपासली, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याने मागितली तर त्याला मिळते का, हे चार प्रश्न आम्हाला रोज विचारावे लागतात. कॅमेऱ्याचे चित्रण हीसुद्धा एक नोंदच आहे. म्हणून तेच चार प्रश्न मी पोलिसांच्या गाडीला विचारणार आहे.

या विषयावर मंडळात तीन मते ऐकू येतात. तरुण म्हणतात, कॅमेरे लावा, सगळे आपोआप सुधारेल. काही ज्येष्ठ म्हणतात, पोलिसांवर एवढा अविश्वास बरा नव्हे, तीही आपलीच मुले आहेत. भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. एखादी बाई रात्री-अपरात्री पोलिसांच्या गाडीत तक्रार सांगत असेल, तर तिचे चित्रण पुढे कोण कोण पाहणार? तिन्ही मतांत तथ्य आहे. पण आधी काय घडले आहे ते पाहू.

नडियादजवळच्या पिजचे नाव येथे सर्वांना ठाऊक आहे. १९७५ साली इस्रोच्या खेडा प्रकल्पातले दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण याच गावातून सुरू झाले. या गावचे ५७ वर्षांचे एक गृहस्थ २०१५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॅडिसन शहरी, मुलाकडे गेले. नातवाला सांभाळायला मदत हवी होती. ६ फेब्रुवारीला सकाळी ते घराजवळच्या रस्त्यावर फेरफटका मारत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक अनोळखी माणूस फिरतो आहे. पोलीस आले. यांना इंग्रजी येत नव्हते, तसे ते सांगतही होते. एका शिपायाने त्यांचे हात मागे धरले आणि पाय काढून त्यांना जमिनीवर आपटले. मानेला जबर दुखापत झाली, मणक्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, शरीर अंशतः लुळे पडले.

पोलिसांच्या पहिल्या निवेदनात हे गृहस्थ हात सोडवू पाहत होते, असा सूर होता. पण पोलिसांच्या गाडीत पुढच्या काचेशी कॅमेरा होता. आठवड्याच्या आत खात्याच्या प्रमुखांनी ते चित्रण जाहीर केले आणि त्या शिपायावर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला. राज्याच्या गव्हर्नरांनी भारताची माफी मागितली. गाडीत कॅमेरा नसता तर एका बाजूला वर्दीतला माणूस आणि दुसऱ्या बाजूला भाषा न येणारा परका म्हातारा, एवढेच उरले असते. कोणाचे खरे धरले गेले असते, हे मी सांगायला नको.

पण गोष्ट इथे संपत नाही. तेच चित्रण संघीय न्यायालयात दोनदा जूरीपुढे ठेवले गेले आणि दोन्ही वेळा जूरीचे एकमत झाले नाही. जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी शिपायाला दोषमुक्त केले. पुढे तो नोकरीवरही परतला. त्या कुटुंबाला भरपाई मिळाली ती २०२१ साली, साडेसतरा लाख डॉलरच्या तडजोडीने. म्हणजे कॅमेऱ्याने घटना लपू दिली नाही, पण निकाल काही कॅमेरा देत नाही. तरुण मित्रांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण शिकागोचे. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री तिथल्या एका शिपायाने १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर आला, असे पोलिसांनी सांगितले. गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपले होते की तो पोलिसांपासून दूर चालला होता. हे चित्रण पहिल्या दिवसापासून पोलिसांच्या ताब्यात होते. लोकांना ते कधी दिसले? तेरा महिन्यांनी, २४ नोव्हेंबर २०१५ रोजी, एका पत्रकाराने न्यायालयात जाऊन आदेश मिळवल्यावर. मधल्या काळात शहराने त्या कुटुंबाशी पन्नास लाख डॉलरची तडजोडही केली होती. शिपायावर खुनाचा गुन्हा दाखल झाला तो चित्रण जाहीर झाले त्याच दिवशी, आणि २०१८ मध्ये तो दोषी ठरला. कॅमेरा होता, चित्रण होते, तरी तेरा महिने सत्य कपाटात बंद होते. कारण चावी एकाच हातात होती.

शिवाय त्या चित्रणात आवाज नव्हता. नंतर खात्यानेच तपासणी केली, तेव्हा दहातल्या आठ चित्रणांत आवाज नीट नसल्याचे आढळले. यंत्रे मोडली म्हणावीत, तर काही ठिकाणी माईक गाडीच्या खणात टाकून दिलेले सापडले. लॉस एंजेलिसमध्ये २०१३ साली एका विभागातल्या सुमारे ८० गाड्या तपासल्या, तर जवळजवळ निम्म्या गाड्यांचे अँटेना गायब! अँटेना नसला की शिपायाच्या अंगावरच्या माईकचा आवाज नीट टिपला जात नाही. त्यावर उपाय काय केला, तो ऐका. पाळी सुरू होताना आणि संपताना अँटेना जागेवर असल्याची लेखी नोंद सक्तीची केली. आमच्या कॅशियरला हे सांगितले तर तो हसेल. तो रोज सकाळी-संध्याकाळी तेच करतो.

आता मी माझ्या क्षेत्राकडे येतो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. मॅनेजर कितीही सज्जन असला तरी एकट्याने तिजोरी उघडू शकत नाही. यात त्याचा कोणी अपमान मानत नाही. उलट उद्या रक्कम कमी भरली, तर ती दुसरी किल्लीच त्याची अब्रू राखते. नोटाबंदीच्या वेळी, ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळातले शाखांचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. त्या दिवसांत काउंटरवर बसलेल्या आम्हा हजारो कारकुनांची प्रत्येक हालचाल टिपली गेली. ज्यांनी सरळ काम केले त्यांना त्या चित्रणाचा आधारच वाटला. पोलिसांवर अविश्वास कशाला, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना माझे हेच उत्तर आहे. खोट्या तक्रारीतून सरळ पोलिसाला सोडवणारा साक्षीदारही हा कॅमेराच आहे.

दुसरी गोष्ट पासबुकाची. खातेवही बँकेची, पण पासबुक ग्राहकाचे. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यानुसार आमच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत न्यायालयात पुरावा म्हणून चालते. ‘आमच्या वहीत आहे, पण दाखवणार नाही’ असे ग्राहकाला त्याच्याच खात्याबद्दल सांगता येत नाही. मग पोलिसांच्या गाडीत माझे चित्रण झाले असेल, तर त्याचे पासबुक माझ्या हातात का नसावे?

आता आपल्या घरची परिस्थिती. ऑगस्ट २०२३ मध्ये अहमदाबादला विमानतळावरून रात्री घरी निघालेल्या एका दांपत्याला वाहतूक पोलिसांनी अडवले, नवरा-बायकोला वेगवेगळे बसवले आणि धमकावून साठ हजार रुपये उकळले. बरोबर तान्हे मूल होते. गुजरात उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून आपण होऊन दखल घेतली. ठाण्यात नव्हे, रस्त्यावर आणि गाडीत घडलेला हा प्रकार आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये खेडा जिल्ह्यातल्याच उंढेला गावी पोलिसांनी काही मुसलमान तरुणांना खांबाला धरून सर्वांसमोर काठीने मारले. ते चित्रण लोकांच्या मोबाईलमधले होते. त्यावरून चार पोलीस ओळखले गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना अवमानासाठी चौदा दिवसांची कैद सुनावली. १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे जे नियम घालून दिले, ते त्यांनी मोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये अपील दाखल करून घेताना शिक्षेला स्थगिती दिली, पण पोलिसांना खडे बोलही सुनावले. इथे चावी लोकांच्या हातात होती, म्हणून नोंद दडली नाही. पण रात्रीच्या बंद गाडीत मोबाईल कोण धरणार?

कायदा काय सांगतो? २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली अशा सर्व ठिकाणी आवाज टिपणारे आणि अंधारातही दिसणारे कॅमेरे बसवावेत. चित्रण अठरा महिने जपावे, तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर निदान एक वर्ष तरी जपावे. देखरेखीसाठी राज्यात आणि जिल्ह्यात समित्या असाव्यात. जिल्ह्याच्या समितीत अधिकाऱ्यांबरोबर शहराचे महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा पंचायतीचे प्रमुख असावेत, असेही त्यात आहे. पाच वर्षे होत आली तरी राजस्थानात सात-आठ महिन्यांत अकरा कोठडी मृत्यू झाल्याची बातमी वाचून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा आपणहून दखल घ्यावी लागली.

पण या आदेशाच्या यादीत गाडी नाही. माणूस रस्त्यावर उचलला जातो आणि ठाण्याच्या दारात कॅमेऱ्यासमोर येतो, यामधल्या वेळेची नोंद कोणाकडे? माझ्या मते पोलिसांची गाडी म्हणजे चाकांवरची चौकीच आहे. ठाण्याला जो नियम, तोच तिलाही लागला पाहिजे.

म्हणून मी मंडळापुढे ठरावासाठी पाच मुद्दे ठेवतो.

एक. गाडीत पुढे एक आणि मागच्या बाकाकडे एक, असे आवाजासह कॅमेरे असावेत. गाडी सुरू होताच ते आपोआप चालू व्हावेत. पाळीच्या आरंभी व अखेरी कॅमेरा चालू असल्याची सहीनिशी नोंद व्हावी.

दोन. चित्रण त्याच ठाण्याच्या ताब्यात राहू नये. त्याची दुसरी प्रत पोलीस खात्याबाहेर, न्यायव्यवस्थेच्या देखरेखीखाली असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडतीचे चित्रण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे असते. झडतीला जमते, ते अटकेच्या प्रवासाला का जमू नये? ज्याने पकडायचे त्यानेच न्यायनिवाडा करू नये, हे तत्त्व बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात न्याय आणि अंमलबजावणी ही कामे वेगळी केली होती.

तीन. ज्याचे चित्रण आहे त्याला ठरावीक दिवसांत प्रमाणित प्रत हक्काने मिळावी. पुरावा म्हणून लागणारे प्रमाणपत्रही सोबत असावे.

चार. भगिनींच्या प्रश्नासाठी: चित्रण कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची वही असावी. पीडितेचे चित्रण बाहेर गेले, तर त्या वहीवरून जबाबदारी ठरावी.

पाच. चित्रण नसेल तर कारण लेखी द्यावे आणि ते वरिष्ठांनी तपासावे. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आम्ही घरी जात नाही. ‘यंत्र बिघडले होते’ एवढ्यावर इथेही सुटका नसावी.

खर्चाचा आक्षेप येईल. शहरांच्या चौकाचौकांत आपल्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांवर सरकार खर्च करतेच. जानेवारी २०२० मध्ये ‘विश्वास’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पैसा मिळाला. नागरिकाकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पैसा आहे आणि सत्तेकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला नाही, हे पटत नाही.

ठराव होईल तेव्हा होईल, पण दोन कामे उद्यापासून करता येतील. पहिले, आपल्या नगरसेवकांमार्फत महापौरांना लेखी विचारावे, की जिल्हा देखरेख समितीची बैठक शेवटची केव्हा झाली आणि किती ठाण्यांचे कॅमेरे चालू आहेत. दुसरे, आपल्यापैकी कोणावर प्रसंग आलाच, तर पहिल्याच दिवशी चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. माहितीच्या अधिकारात जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे. अर्जात तिचा उल्लेख जरूर करावा.

कॅमेरा हवा की नको, एवढ्यावर मतदान घेऊ नये, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. एकाच चावीचा कॅमेरा असला तर तो ज्याच्या हातात चावी आहे त्याचाच. पाचही मुद्दे एकत्र मंजूर व्हावेत आणि ठरावाची प्रत पोलीस आयुक्तांना, जिल्हाधिकाऱ्यांना व महापौरांना जावी, एवढे सुचवून मी बसतो.