परभाषेचे शिक्षण आणि मुलांची सेवा



मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात आंतिग्वा हे जुने नगर आहे. स्पॅनिश भाषा शिकण्यास तेथे देशोदेशींचे तरुण येतात. एका विद्यार्थ्यास एक शिक्षक, रोज काही तास पाठ आणि स्थानिक कुटुंबात मुक्काम, अशी तेथील प्रचलित रीत आहे. यांपैकी कित्येक जण उरलेल्या वेळी मुलांचा अभ्यास घेण्यास विनावेतन जातात.

मुलांत बसले की जीभ लवकर वळते. पाहुणा ‘ला मापा’ म्हणाला, तर मूल हसून ‘एल मापा’ असे सुधारते. कारण नकाशा हा शब्द मराठीप्रमाणे स्पॅनिशमध्येही पुल्लिंगीच आहे.

परंतु या देशात माया कुळातील २२ भाषा आहेत. आंतिग्वाजवळच्या सांता मारिया दे हेसुस या गावी काक्चिकेल बोलली जाते. ती ज्याची मातृभाषा, त्या मुलाला स्पॅनिशही परकीच असते. अशा मुलास अर्धवट स्पॅनिशमधून धडा शिकविणे म्हणजे त्याचा दुहेरी तोटा होय. म्हणून स्वयंसेवकाने शिक्षकाची जागा घेऊ नये. त्याच्या देखरेखीखाली बेरजा तपासाव्यात, खेळ घ्यावेत, वाचणाऱ्या मुलाशेजारी बसावे. आपण कधी जाणार, हेही मुलांना आधीच सांगावे. जिव्हाळा लावून अचानक नाहीसे होणे मुलांना फार लागते.

मेळघाटात कोरकू मुलांच्या शाळेवर जाणाऱ्या शिक्षकानेही यातून बोध घ्यावा. प्रथम मुलांकडून त्यांच्या भाषेतील दहा शब्द शिकावेत. मग फळ्यावर अक्षर काढावे.