पुसले गेले ते परत मिळते काय?



सामायिक विहीर आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. पाण्यावर हक्क सगळ्यांचा, आणि मोटार जळाली की "मी नव्हतो" म्हणणारेही सगळेच! आता शाळा-महाविद्यालयांत आणि पतसंस्थांत अशीच एक नवी सामायिक विहीर आली आहे. एका संगणकावर एक फोल्डर ठेवायचा, आणि त्याला जोडलेल्या बाकीच्या संगणकांवरून सर्वांनी त्यात आपले कागद ठेवायचे, काढायचे. या फोल्डरातून एखादी फाईल चुकून पुसली गेली तर ती परत मिळते काय, हा आजच्या भाषणाचा विषय. तो मी पुस्तकातून निवडलेला नाही. ती चूक माझ्याच हातून झालेली आहे.

मार्च महिना होता. अंतर्गत परीक्षेचे गुण भरण्याची घाई चालली होती. जुना पसारा आवरावा म्हणून बसलो आणि भलताच, म्हणजे प्रथम वर्षाच्या गुणांचा फोल्डर काढून टाकला. यंत्राने विचारले, "कायमचे काढायचे काय?" नेहमीचाच प्रश्न समजून मी 'हो' म्हटले. दुसऱ्याच क्षणी चूक ध्यानात आली. रिसायकल बिन, म्हणजे संगणकाची कचरापेटी, उघडून पाहिली. ती रिकामी.

येथेच पुष्कळ जण फसतात. ही कचरापेटी आपापल्या संगणकापुरती असते. दुसऱ्या संगणकातली फाईल दुरून काढली, तर ती सहसा ना आपल्या पेटीत येते, ना त्याच्या पेटीत जाते. म्हणूनच यंत्र 'कायमचे' हा शब्द वापरते.

मग मी काय केले? गप्प बसलो. पोरांना रोज प्रामाणिकपणा शिकवणारा माणूस मी, पण जीभ उचलेना. असे दोन तास गेले. त्या वेळात इतर सहकारी त्याच संगणकात नवे तक्ते, समारंभाची छायाचित्रे भरीत राहिले. पुढे कुणाच्या तरी लक्षात आले, आणि बोलणी बसली ती कार्यालयातल्या तरुण लिपिकाला. तो बिचारा शपथा घेऊ लागला, तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "त्याला बोलू नका. माझ्या हातून झालंय."

त्या दोन तासांची किंमत काय, ती आता सांगतो. शिक्षकांना हे चटकन पटेल. पटावरून नाव कमी केले म्हणून मुलगा वर्गातून त्याच क्षणी उठून जात नाही. तो आपल्या जागेवर बसलेलाच असतो. फक्त ती जागा आता मोकळी, असे पट सांगतो. नवा मुलगा आला की गुरुजी त्याला तेथेच बसवतात, आणि मग जुन्याला जागा उरत नाही. संगणकाच्या डिस्कवर असेच घडते. फाईल काढली की तिची नोंद जाते. मजकूर काही काळ तसाच राहतो. त्यावर नवा मजकूर लिहिला गेला, की मात्र जुना गेला. नव्या एसएसडी डिस्कमध्ये तर अशी मोकळी जागा यंत्र आपण होऊन साफ करते. तेथे आशा आणखीच थोडी.

म्हणून पहिला उपाय हा की, ताबडतोब सांगावे आणि त्या संगणकात लिहिणे थांबवावे. दुसरा, फोल्डरावर माऊसचे उजवे बटण दाबून 'आधीच्या आवृत्त्या' पाहाव्यात. विंडोज सर्व्हरवर तशी सोय आधीपासून सुरू केलेली असेल, तर कालचा फोल्डर तेथे सापडतो. तिसरा, सामायिक साठवणीच्या काही यंत्रांना स्वतःची कचरापेटी असते, ती पाहावी. गूगल ड्राइव्हच्या पेटीत काढलेली फाईल ३० दिवस राहते. चौथा, राखून ठेवलेली प्रत शोधावी. यांतले काहीच नसेल तर जाणत्या माणसाकडून डिस्क तपासून घ्यावी. पण सापडलेला माल त्याच डिस्कवर उतरवू नये.

आमच्याकडे आधीच्या आवृत्त्यांची सोय सुरूच केलेली नव्हती. नऊ तक्त्यांपैकी पाच सापडले. उरलेल्या चार तक्त्यांसाठी मी आणि तो लिपिक तीन रात्री उत्तरपत्रिका उलगडीत बसलो. उत्तरपत्रिका जपलेल्या होत्या म्हणून निभावले.

जपलेली प्रत नसली तर काय होते, हे मराठीच्या इतिहासात नमूद आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. हिराइसेचा पाठ प्रसिद्ध आहे. ग्रंथ वाचला, हे केवढे भाग्य! परंतु आठवणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले, आणि मूळ शब्द कोणता हे ठरवताना संशोधक आजही अडतात.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९९८ साली पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बहुतेक भाग पुसला जाऊ लागला. पाहणाऱ्याने फोन करून यंत्राची वायरच उपटायला सांगितली. राखीव प्रत काढली, तर ती नीट साठवली जातच नव्हती, हे त्या वेळी कळले! गॅलिन सुसमन या बाईंना नुकतेच मूल झाले होते. त्या घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिने चित्रपट तारला. आज्ञा कोणी दिली, हे शोधण्यात कंपनीने वेळ घालवला नाही.

तात्पर्य, महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. ती प्रत उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे. ज्यांना नुसते वाचायचे आहे, त्यांना पुसण्याचा अधिकार देऊ नये.

आणि मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना एक विनंती. चूक कबूल करणाऱ्यावर ओरडू नका हो. जेथे ओरडा बसतो, तेथे माणूस दोन तास गप्प राहतो. आणि परत मिळण्यासारखे जे असते, ते त्या दोन तासांतच जाते. आमच्या कार्यालयात आता ही रीत पडली आहे की, चूक झाली की आधी मोठ्याने सांगायचे. ती रीत त्या लिपिकाने सुचवली. मला सुचवायला तोंड नव्हते.